माझं नंतर बघा

काकतीच्या स्टॉपवर बस थांबली की आधी कॉलेजची पोरं चढतात, मग भाजीच्या बुट्ट्या चढतात, मग बुट्ट्यांच्या मालकिणी चढतात आणि मग बस सुटते. नंतरमामा खालीच असतात. कंडक्टर 'हत्तरी, हत्तरी' करून घसा कोरडा करतो आणि मामा हात जोडून म्हणतात, "चला की तुम्ही, माझं काय, मी मागनं येतो." मागनं म्हणजे वडापनं. वडापमध्येही एखाद्या बाईमाणसाला जागा व्हावी म्हणून बसलेले मामा उतरतात. बेळगाव तिथनं सात-आठ किलोमीटर. पण रविवारी पहिलं गीत होतं, शास्त्रवाचन होतं, पाळकसाहेब उपदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यावर येतात, तेव्हा कुठं मामा चर्चच्या दारात दिसतात आणि सगळ्यात मागच्या बाकाच्या टोकाला टेकतात. बदलून आलेल्या प्रत्येक नव्या पाळकाला वर्षभर तरी वाटत राहतं की, काय हा नम्रपणा, हा माणूस कधी पुढं म्हणून बसत नाही!

मामांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहे, ते तिथंच राहू दे. आमच्या मंडळीत लहानथोर सगळे त्यांना नंतरमामाच म्हणतात, कारण कशालाही त्यांचं एकच उत्तर असतं. चहा घ्या मामा. माझं नंतर बघा. पंख्याखाली या मामा. माझं नंतर. "मी तुमच्यावर लिहिणार आहे," असं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "आधी दुसऱ्या कुणावर तरी लिही की, माझं नंतर बघू." त्यामुळं इथं या भागातल्या अशाच तीन-चार जणांना मी एका सदऱ्यात घातलं आहे. कुणाला ओळख पटलीच तर तो माणूस दुसराच आहे असं समजावं. मामांनाही तेच आवडेल.

काकतीच्या अंगावरनं पुणे-बंगळूर महामार्ग जातो. मुंबईहून चेन्नईकडं जाणारी वाहतूक हाच रस्ता धरते. मामांचं तत्त्व असं की रस्ता ओलांडताना आधी समोरच्याला जाऊ द्यावं. पाणंदीतनं बैलगाडी येत असेल तर हे तत्त्व शोभून दिसतं. महामार्गावर समोरचा म्हणजे राजस्थानातनं निघालेला ट्रक, त्याच्यामागं कंटेनर, त्याच्यामागं व्हॉल्वो, त्याच्यामागं गोव्याला निघालेली पुण्याची पोरं. मामा प्रत्येकाला हातानं 'जावा, जावा' असं खुणावत कडेला उभे. एकदा त्यांचा हात बघून एक ट्रक खरोखर थांबला. ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्याला लिफ्ट पाहिजे. मामांनी त्याला पाणी पाजलं, मुलांची चौकशी केली आणि पुढं पाठवून दिलं. रस्ता अलीकडंच राहिला.

आणि हे कुणाच्या गावात? कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जन्म काकतीचा, १७७८ सालचा. १८२४ च्या ऑक्टोबरात धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन कित्तूरच्या वेशीवर आला, तेव्हा राणीनं काही 'या, आधी तुम्ही' म्हटलं नाही. थॅकरे त्या लढाईतच पडला. नंतरमामा त्या किल्ल्यात असते तर दिंडीदरवाजा उघडून, साहेब उन्हातनं आलेत, आधी ताक घेऊ देत, असं म्हणाले असते. गावच्या मातीचा गुण म्हणतात तोही मधनंमधनं विसावा घेत असावा.

मामांची बाजू मांडायची तर त्यांनी हे काही मनानं काढलेलं नाही. बेळगावात लंडन मिशनचं काम जोसेफ टेलर यांनी १८२० साली सुरू केलं. बेनन आणि स्मिथ या मिशनऱ्यांची नावं इथल्या एका शाळेच्या पाटीवर अजून जोडीनं नांदतात. पुढं ते काम मेथडिस्टांकडं गेलं. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत संडेस्कूल भरत आलं आणि दोन्हीकडच्या पोरांना धडा एकच मिळाला. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी जाऊन बसू नका, शेवटची जागा धरा, ही लूकच्या शुभवर्तमानातली प्रभूची गोष्ट. दुसऱ्याला आपल्याहून मोठं माना, हा पौलाचा फिलिप्पैच्या मंडळीला उपदेश. बाकीच्या पोरांनी तोंडपाठ केलं, बक्षिसाचं रंगीत कार्ड घेतलं आणि बाहेर येऊन घसरगुंडीवर पहिल्या नंबरासाठी मारामारी केली. मामांनी मात्र मनावर घेतलं. शाळेत सगळं सांगतात ते एखादा विद्यार्थी खरंच करायला लागला तर काय होतं, याचा मामा हा चालताबोलता निकाल आहे.

होनग्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. बढतीची वेळ आली की साहेबाकडं जाऊन सांगायचे, "त्याला द्या की, त्याच्या पोरीचं लग्न आहे." पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या घराचं कर्ज निघायचं, त्यापुढच्या खेपेला तिसऱ्याच्या आईचं ऑपरेशन. ज्यांना त्यांनी हाताला धरून बिनकार्ड शिकवलं ते त्यांचे साहेब झाले. निवृत्तीसुद्धा दुसऱ्याला आधी देता आली असती तर मामा अजून स्टोअरलाच असते.

लग्नाच्या जेवणात मामांना बघावं. परवा निपाणीला एक लग्न होतं. उपासना झाली, फोटो झाले आणि लोक हॉलकडं निघाले. आता पंगती गेल्या, बुफे आला. पंगतीत शेवटची जागा म्हणजे एक ठरलेली जागा असते. माणूस तिथं बसला की मोकळा. बुफेच्या रांगेला शेवट नसतो. मामा शेवटी उभे राहिले की मागनं कुणीतरी येतं, मामा त्याला पुढं घेतात. मग त्याची बायको येते, मग तिचा भाऊ येतो. रांग पुढं सरकते, मामा तिथंच. दोन तासांनी त्यांच्या हातात ताट आलं तेव्हा मटणाच्या पातेल्यात पळी खडखडत होती आणि लिंबाच्या फोडी तेवढ्या भरपूर होत्या. मामा आनंदानं भात आणि लिंबू घेऊन कोपऱ्यात गेले. नवरीच्या बापानं ते बघितलं. त्याचा चेहरा पडला. आचाऱ्याला हाक गेली, विझवलेली शेगडी पुन्हा पेटली, एक पोरगा मोटरसायकलवरनं मटणाच्या दुकानाकडं सुटला, आणि "कशाला, कशाला, कुणाला त्रास नको" म्हणणाऱ्या मामांभोवती नवरीचा बाप, दोन काका, आचारी आणि भांडी घासणाऱ्या बायका तासभर तिष्ठत उभ्या. नवरी-नवऱ्याची गाडी सजून दारात थांबलेली, कारण निरोप द्यायला बाप पाहिजे आणि बाप शेगडीपाशी.

लूकमधली ती गोष्ट मामांना अर्धीच पाठ आहे, असं माझं मत. त्या गोष्टीत यजमान शेवटी येतो, खाली बसलेल्याला हाताला धरून वर नेतो, आणि तो माणूस निमूट जातो. मामांना कुणी वर न्यायला आलं की ते त्याचा हात सोडवून त्याच्याही खाली जाऊन बसतात. मग यजमानानं काय करायचं?

हंगामाच्या सणाला तर मामांचा भाव चढा असतो. उपासनेनंतर चर्चच्या आवारात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव लागतो: दुधी, भोपळे, केळीचा घड, अंडी, लोणच्याची बरणी आणि पाय बांधलेला एखादा रागावलेला कोंबडा. मामा बोली लावतात, चढवतात, जिंकतात, पैसे मोजतात आणि मग वळून बघतात की आपल्याआधी ज्याची बोली थांबली त्याचं तोंड उतरलंय का. उतरलं असेल तर वस्तू त्याच्या हातात. मंडळीला हे कळायला दोन हंगाम पुरले. आता अनुभवी मंडळी पन्नास रुपयांपर्यंत बोली लावतात, मग मामांना चढू देतात आणि जमिनीकडं बघत उसासा टाकतात. एका सणाला एकच कोंबडा तिघांना हवा होता. तिघंही आधीच उसासे टाकायला लागले, तेव्हा मामांनी तो विकत घेतला खरा, पण द्यायचा कुणाला ते ठरेना. तिघांनी वाद घातला. वादात दोरी सुटली. कोंबडा कंपाउंडवरनं उडी मारून कॅम्पच्या दिशेनं गेला. हे फळ त्याला मिळालं, कारण सगळ्यांत उतरलेलं तोंड त्याचंच होतं, असा निकाल पाळकीणबाईंनी दिला.

सीमाभागात राहून असा स्वभाव ठेवणं म्हणजे जोखीमच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेला इथं एकाच सकाळी राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी माणूस काळा दिन पाळतो. एका वर्षी कानडी शेजाऱ्यानं मामांच्या सायकलला लाल-पिवळा झेंडा लावला. मामा म्हणाले, "असू दे की, तुमचा सण." कोपऱ्यावर एकीकरण समितीचा कार्यकर्ता भेटला, त्यानं दंडाला काळी फीत बांधली. मामा म्हणाले, "असू दे की, तुमचं दुःख." अशा वेषात ते गावातनं बाजारापर्यंत गेले. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या दोन बाजूंचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालं असेल तर मला आठवत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा मामांपुढं चालवला असता तर त्यांनी दोन्ही राज्यांना 'आधी तुम्ही घ्या' असं सुचवलं असतं आणि बेळगाव बिचारं तिसऱ्याच कुणाकडं गेलं असतं.

इथवर हसून झालं. आता मामींकडं वळू.

मामी रोज शेवटी जेवतात. त्यांना नंतरमामी असं कुणी म्हणत नाही.

मामांनी दिलेली बढती मामींच्या पातळांतनं वजा झाली. लिलावातले पैसे त्यांच्या किराणा-हिशेबातनं गेले. मामा उपाशी परतले की रात्री चूल पेटवायची त्यांनी. मामा वाटेत कुणाला तरी "आधी तुम्ही आमच्याकडं चला" म्हणून घेऊन आले तर पाण्यात आणखी पाणी घालून आमटी वाढवायची तीही त्यांनीच. शेजाऱ्यावर प्रीती करावी ती स्वतःवर करतो तशी, असं शास्त्र म्हणतं, यावर मामी म्हणतात, "ह्यांनी शेजाऱ्याला स्वतःसारखं वागवलं नाही तेच बरं. शेजारी उपाशीच मेला असता." मामी तोंडानं फटकळ आहेत असं मंडळीत म्हणतात. मला तसं वाटत नाही. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो.

मामींच्या कपाटात पवित्र शास्त्राच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहे, पुठ्ठा सुटलेली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पुढं पाच वर्षांनी. मराठी ख्रिस्ती माणसाला परोपकाराचा दाखला द्यायचा झाला की उपदेशक टिळकांचं नाव घेतात, आणि बरोबरच घेतात. हातचं काही राखून ठेवणं त्या माणसाला जमायचंच नाही. पण देणारे टिळक होते, आणि दिल्यानंतरचं घर लक्ष्मीबाईंनी चालवलं. १९३४ पासून भागाभागानं ते पुस्तक निघालं तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यातला नवरा वाचकाला इतका लोभस वाटतो तो बायकोनं त्याला हसत हसत माफ केल्यामुळं. टिळकांच्या कवितेविषयी मामी काही बोलत नाहीत. पुस्तकाविषयी एकच म्हणतात, "ह्या बाईनं लिहून तरी काढलं."

मग मामांचं सगळं सोंगच का? नाही. तसं लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

२०१९ च्या ऑगस्टात या भागात पाऊस पडला तो कुणी विसरणार नाही. मार्कंडेय नदी पात्र सोडून शेतात शिरली. निपाणी-कोल्हापूरकडं महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि अलीकडं ट्रक जागच्या जागी उभे राहिले. पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोक जवळचं खाऊन होते. दुसऱ्या दिवशी मामा भर पावसात डोक्यावर खताचं पोतं खोळ करून महामार्गावर गेले आणि प्रत्येक केबिनच्या काचेवर टकटक करून विचारून आले, किती माणसं, भाकरी चालते का, कुणाला ताप आहे का. इतकी वर्षं ज्या ट्रकांना ते हातानं पुढं जा म्हणत होते ते सगळे एकदाचे थांबले होते. घरी येऊन त्यांनी मामींना आकडा सांगितला. मामींनी एक शब्द न बोलता पिठाचा डबा पुढं ओढला. पहाटेपासून गल्लीतल्या बायका मामींच्या चुलीपाशी होत्या, कानडीही, मराठीही. मामा डोक्यावर बुट्टी घेऊन पाण्यातनं जात होते. त्या दिवसांत 'माझं नंतर बघा' हे त्यांच्या तोंडातनं एकदाही आलं नाही. म्हणायला वेळच नव्हता.

पाणी ओसरल्यावरच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात कोल्बे नावाच्या पोलिश धर्मगुरूची गोष्ट सांगितली. १९४१ साली आउश्विट्झच्या छावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. त्यातला एक, गायोव्निचेक नावाचा, बायकापोरांच्या नावानं रडायला लागला. कोल्बे रांगेतनं बाहेर आले आणि म्हणाले, याच्या जागी मला घ्या. त्यांना घेतलं. गायोव्निचेक १९९५ पर्यंत जगला. १९८२ मध्ये रोमला कोल्बे यांना संतपद दिलं तेव्हा तो तिथं हजर होता. हे सांगून पाळकसाहेब थांबले आणि म्हणाले, "बघा, कोल्बे रांगेत मागं सरकले नाहीत. ते एक पाऊल पुढं आले." मागच्या बाकावर मामा रुमालानं डोळे पुसत होते. उपदेश आपल्यासाठी आहे हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. तो शेजारच्याला आधी लागू व्हावा अशीच त्यांची इच्छा असणार.

त्यानंतर मामा आजारी पडले. रक्तदाब होता, तो त्यांनी नंतर बघायचा म्हणून ठेवला होता. बेळगावच्या एका दवाखान्यात नंबर घेऊन बसायचे आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्याला, रडणाऱ्या बाळाला, घाईतल्या शिक्षिकेला, औषधाची पिशवी घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसालाही आपला नंबर द्यायचे. डॉक्टर उठून गेले की मामा समाधानानं घरी. शेवटी एका दुपारी परसात चक्कर येऊन पडले आणि त्यांना उचलून न्यावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मामा रांगेशिवाय आत गेले, तेही शुद्धीत नव्हते म्हणून.

रुग्ण म्हणून मामा म्हणजे संकट. सिस्टर सलाईन लावायला आली की, "त्या कोपऱ्यातल्या बेडवाल्याला आधी बघा की बाई, तो कण्हतोय." तो कण्हत नव्हता, घोरत होता. मामींनी आणलेला डबा पलीकडच्या खाटेवर जायचा. पलीकडचा मधुमेही. मंडळीतनं कुणीतरी प्रेमानं पाठवलेला कुंदा मामांनी त्याला अर्ध्याहून जास्त चारला आणि रात्री त्याची साखर अशी चढली की ड्युटीवरचे दोन डॉक्टर धावत आले. मामा उशीवरनं मान उचलून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो, आधी त्याला बघा." लोक भेटायला यायचे, पाय दाबू का विचारायचे, मामा पाय आखडून घ्यायचे. कुणी मोसंबं सोललं तर फोडी सोलणाऱ्यालाच भरवायचे. येणारा माणूस दारात जितका हळवा असायचा तितकाच परत जाताना खट्टू. माझं एक निरीक्षण आहे: मामांनी जन्मभर गावाचं कर्ज डोक्यावर चढवून ठेवलं आणि कुणालाही एक पैसा फेडू दिला नाही. असा सावकार बघितला नव्हता.

हे सगळं पाळकसाहेबांच्या कानांवर होतं. ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. आमच्याकडं त्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं, आणि या पाळकांनी त्याआधी बारा जणांचे पाय धुवायची रीत सुरू केली होती. मामा कधी त्या बारांत बसले नव्हते. दर वर्षी घमेली भरायला आणि पाणी तापवायला पुढं. पाळकसाहेबही मुरलेले. संध्याकाळी त्यांनी मामांना बाजूला घेतलं आणि चेहरा पाडून म्हणाले, "मामा, एक माणूस आला नाही. अकराच आहेत. माझी पंचाईत झाली. तेवढी अडचण भागवाल काय?" मामा लगेच तयार. अडचण दुसऱ्याची होती ना.

खुर्चीवर बसायच्या आधी मामा मागच्या नळावर गेले आणि साबण लावून घोट्यापर्यंत पाय धुऊन आले. पाळकांना उगाच मेहनत नको. पाळकसाहेब एकेकाचे पाय धूत शेवटच्या खुर्चीशी आले, गुडघे टेकले, आणि तिथं गाडं अडलं. मामांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको पाळकसाहेब, तुमची कंबर दुखते. तुम्ही बसा, मी धुतो." पाळक म्हणाले, "मामा, पेत्रानंही हेच केलं होतं." ते योहानाच्या तेराव्या अध्यायातलं. पेत्र नको म्हणाला तेव्हा प्रभूनं त्याला बजावलं की मग माझ्यात तुझा वाटा नाही. त्यावर पेत्र असा घाबरला की नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धुवा म्हणाला. मामांना हे पाठ आहे. तरी पाय बाहेर येईनात. पाळक गुडघ्यावर, अकरा जण ओले पाय घेऊन खुर्च्यांवर, पेटीवाला सूर धरून थांबलेला. आणि बायकांच्या बाजूनं मामींचा आवाज आला, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असा.

"अहो, घ्या की धुवून! सगळ्यांचा खोळंबा केलाय तुम्ही!"

खोळंबा हा शब्द कामी आला. आपल्यामुळं चाळीस-पन्नास माणसं अडकलीत हे मामांच्या एकदम ध्यानात आलं आणि त्यांनी उजवा पाय घमेल्यात सोडला. पाळकांनी तो धुतला, पुसला. डावा पाय मात्र मामांनी आपण होऊन पुढं केला.

त्या रात्री बस नव्हती म्हणून मी दोघांना गाडीतनं काकतीला सोडायला गेलो. मामा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाही. आणि मग मामींकडं वळून, जरा चाचरतच, "आज तू आधी बस."

मामी पदरानं हात पुसत होत्या. म्हणाल्या, "मी बसते. वाढणार कोण?"

मामा थोडा वेळ उभे राहिले. हा मुद्दा ना संडेस्कूलमध्ये झाला होता, ना उपदेशात. मग ते आत गेले. आतनं आवाज आला, "भाकरीची दुरडी कुठं असते?" मामींनी जागेवरनं सांगितलं. "पळी?" सांगितलं. "ही आमटी का पलीकडची?" तेही सांगितलं. पहिलं ताट अर्थात माझ्यापुढं आलं, पाहुणा म्हणून. दुसरं मामींपुढं. भात डोंगराएवढा, आमटी चमचाभर, भाकरी दोन्ही बाजूंनी दुमडलेली. मामा दाराच्या चौकटीला टेकून, कमी-जास्त काही लागतंय का बघत उभे.

मामींनी एक घास घेतला, चावला, विचार केला. म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी आहे. आणा की जरा."

मामा मिठाची बरणी शोधायला वळले. मी तीच आमटी खात होतो. मीठ बरोबर होतं.